सुतळीवरचं घर

माझ्या मामांच्या घरात निम्मा तुळजापूर तालुका खिळ्याला टांगलेला आहे. अतिशयोक्ती वाटत असेल तर जळकोटला येऊन बघा. त्यांच्या पुढच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत खिळ्यांची एक रांग आहे आणि प्रत्येक खिळ्याला सुतळीचा एकेक गुंडा लोंबतो. कुठला लिंबाएवढा, दोन खोल्यांचा. कुठला कलिंगडाएवढा, माडीसकट. प्रत्येक गुंड्याला एक चिठ्ठी अडकवलेली असते आणि चिठ्ठीवर नावाऐवजी चित्र असतं, कारण मामांना लिहिण्याचा मनापासून कंटाळा आहे. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या चिठ्ठीवर चाक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुई आणि आमच्या चिठ्ठीवर भोंगा. भोंगा का, ते पुढे कळेलच. हे गुंडे म्हणजे मामांची एस्टिमेटं. ज्या घराचं वायरिंग करायचं त्या घरात मीटरपासून भिंतीभिंतीनं सुतळी फिरवायची, जिथं दिवा तिथं एक गाठ, पंख्याला दोन, फ्रिज-गिझरसारख्या जड कामाला तीन. मग ती सुतळी अंगणात पसरून दोन्ही हात फैलावून वावेनं मोजायची, विहिरीचा दोर मोजतात तशी. किती वाव वायर, किती गाठी, झालं एस्टिमेट. "कागद खोटं बोलतंय," मामा म्हणतात, "दोरीला खोटं बोलाय येत न्हाय. जेवढी हाय तेवढीच हाय."

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. सगळी नोकरी त्यांनी वीज खात्यात लाइनमन म्हणून काढली, म्हणजे बरीचशी जमिनीपासून वीस फूट वर. त्यामुळे माणसांकडे समोरून बघायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. कुठंही गेले की त्यांची नजर आधी छताला जाते, मग भिंतीनं खाली उतरते आणि सगळ्यात शेवटी यजमानापर्यंत पोचते. शर्टाच्या खिशात लोक दोन पेनं लावतात, मामा दोन टेस्टर लावतात. लग्नात सगळे नवरानवरीवर अक्षता टाकत असतात तेव्हा मामा मांडवाच्या खांबाला गुंडाळलेली वायर बघत असतात. एकदा तर पंगतीतून मध्येच उठले, हात धुतले, कोरडे केले, मांडवाचा एक सुटलेला जोड पक्का केला, परत येऊन बसले आणि "बुंदी गेली का हो इथनं?" म्हणून विचारलं. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत त्यांच्या मागं उभं राहिलं की रांग पुढं का सरकत नाही ते लगेच कळतं. मी एकदा हळूच म्हटलं, "मामा, देवी समोर आहे." तर म्हणाले, "आईचं बगाय सारं जग हाय. बोर्डाचं कुणी बगायचं?"

गावात मुलीचं लग्न ठरवायचं असलं की स्थळ बघायला मामांना सोबत नेतात. ते मुलाला एकही प्रश्न विचारत नाहीत. पाणी पितात, उठतात, मीटरपाशी जाऊन उभे राहतात आणि परत येऊन बसतात. एका ठिकाणाहून निघताना त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं बरं हाय. पर ज्या घरात बोर्डाला झाकण न्हाय, त्या घरात बोलण्याला बी नसतंय." हे कसं कोण जाणे, मुलाकडच्यांपर्यंत पोचलं. त्यांनी आठवड्यात झाकण बसवून घेतलं आणि मगच सुपारी फुटली. आता त्या जोडप्याला दोन मुलं आहेत आणि ती सासू, मी ऐकते ते खरं असेल तर, खरोखरच जपून बोलते.

मामांच्या हाताखाली माणूस नाही. त्यांच्या दोरीचं दुसरं टोक म्हणजे मामी. मजुरी वाचवायची म्हणून नाही. दुसऱ्या कुणाला दोरी ताठ धरता येत नाही, असं मामांचं मत आहे. हे मत त्यांनी मामींना कधी सांगितलेलं नाही, मामींना ते फक्त उलट्या बाजूनं ऐकू येतं.

"ताठ धर की जरा."

"ताठच हाय. तुमीच वाकलाव."

"खाली चाललीय दोरी."

"भित खाली चाललीय. मी हाय तिथंच हाय."

असं बोलत दोघं घर मोजत जातात. ज्यांच्या घरी काम चालू असतं ते लोक कामधाम सोडून ऐकत बसतात. मामींची एकच तक्रार कायम असते, आणि ती चारचौघांत बोलून दाखवायला त्यांना काही वाटत नाही: "साऱ्या गावाची घरं टांगल्याती खिळ्याला. आपलं कुठाय?" कारण मामांच्या स्वतःच्या घरात अजून लाकडी पट्टीवरची जुनी वायर आहे, आणि त्यांचा पंखा कधी लागतो, कधी लागत नाही. मामा यावर खोकतात. खोकला हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे.

त्यांच्या कामाचा एक नियम मात्र कुणासाठी बदलत नाही. ज्याला पॉइंट पाहिजे त्यानं स्वतः त्या जागी जायचं, भिंतीवर तळहात टेकायचा आणि तोंडानं सांगायचं, इथं मला अमुक पाहिजे. मग मामा तिथं सुरगाठ मारतात, म्हणजे ओढली की सुटणारी. काम सुरू व्हायच्या दिवशी ते सगळ्या घराला बोलावून तीनदा विचारतात, "अजून कुणाचं काय?" तिसऱ्यांदा विचारून झालं की सुरगाठींच्या निरगाठी होतात. मग देव खाली आला तरी पॉइंट वाढत नाही. न मागता पॉइंट ते देत नाहीत. "न मागितलेलं बटण कुणी दाबत न्हाय. आत गंजतंय, आन् एक दिवस जाळतंय," असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या घराकडे येते. आमचं घर गावाबाहेर हायवेला लागून आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्या लावणं आणि भोंग्यावरून पुकारणं यात त्यांची सगळी वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर भोंगा तिथंच राहिला तरी आवाज घरी आला. घर बांधलं तेव्हा त्यांनी वायरिंग मामांना न सांगता आपल्या एका जिवलग मित्राला दिलं. मित्र हुशार होता, पण आयुष्यभर त्यानं बसचं वायरिंग केलेलं. त्यानं आमच्या घराचंही बसचं वायरिंग केलं. सगळी बटणं पुढच्या दाराजवळ, एका ओळीत, अण्णांच्या खुर्चीला लागून. खोल्यांत बटणच नाही. म्हणजे घरात कुणालाही कुठंही उजेड पाहिजे असेल तर तिथून ओरडायचं, "अण्णा, लाईट!" आणि अण्णा ड्रायव्हरच्या तोऱ्यात बसल्या जागी बटण दाबणार. झोपायच्या वेळी ते पुकारायचे, "आतले दिवे बंद होत आहेत!" आणि होत. पुढं आईनं भांडून स्वयंपाकघरात एक बोर्ड ओढून घेतला. बाकी घरात आम्ही प्रवाशांसारखे राहिलो.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी समजत होते. मी सोलापूरला इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर वाढले. सुट्टीत घरी यायची ती पुस्तकं घेऊन, आणि खिडकीपाशी उजेड असेल तोवर वाचायची. उजेड गेला की पुस्तक मिटायचं. ओरडून दिवा मागायचा, मग अण्णांनी मोठ्यानं "कुठली खोली?" विचारायचं, मग आपण पुन्हा ओरडायचं, एवढं सगळं एका धड्यासाठी करणं माझ्याच्यानं कधी झालं नाही. आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "हिला दिवा लागतच नाही. दिवसाउजेडी सगळं वाचून होतं."

यंदा उन्हाळ्यात आईला मिक्सरचा झटका बसला. जीवावरचं काही नव्हतं, पण हात दोन दिवस जड होता आणि मी पुण्याहून लगोलग आले. मामा बघायला आले ते आईला भेटायच्या आधी मीटरला भेटले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दाजी, ह्या घराला अर्थिंगच न्हाय की ओ."

अण्णा म्हणाले, "पाव्हणं, बसला कुठं अर्थिंग असतंय?"

"बसला रबराचं चाक असतंय. बाईच्या पायात काय हाय?"

अण्णा आयुष्यात पहिल्यांदा पुकारायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ठेवीतले एक लाख दहा हजार रुपये घराच्या वायरिंगला, आणि वर एक रुपया नाही.

मामांचं हातातलं काम संपायला पाच आठवडे गेले, आणि मग एका सोमवारी मामा-मामी सुतळी घेऊन आले. मामा लिहीत नाहीत आणि अण्णांना आकड्यांपेक्षा घोषणा जास्त आवडतात, म्हणून वही माझ्याकडे आली. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक वही देतात, हा माझा जुना अनुभव आहे. मामा वावा मोजून सांगायचे आणि मी लिहायची. इंग्रजी शाळेनं मला ओहमचा नियम शिकवला, पण एकोणसाठ म्हणजे पन्नासच्या घरातलं की साठच्या, हे शिकवलं नाही. मी एकोणसत्तरला एकोणऐंशी करून ठेवलं आणि वाचून दाखवताना मामी, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी ते पकडलं. "दहा वाव वायर कुठनं आली गं? माझा हात काय लांबला व्हय?" मामा म्हणाले, "कॉन्व्हेंटचं पाणी हाय, जरा खोल असतंय. दोर जास्ती लागतोय." त्यानंतर ते आकडा सांगून बोटांनीही दाखवू लागले, आणि मी मनापासून आभारी झाले.

सगळ्यांनी भिंतीला हात लावून मागितलं. आईनं ओट्याजवळ दोन, देवघरात एक, न्हाणीत एक. अण्णांनी कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं सहा दिवे मागितले. का, तर हायवेनं जाणाऱ्या बसमधल्या माणसाला आपलं घर दिसलं पाहिजे. कंपाउंडला तळहात टेकून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा एका गाडीनं खरंच हॉर्न दिला आणि अण्णांनी हात हलवला. दादा, माझा भाऊ, हैदराबादेत असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवरून एसीसाठी पॉइंट मागितला. मामांनी फोन हातात घेतला, भिंतीवर टेकवला, परत कानाला लावला. "लागला का हात?"

"मामा, मी कसा येऊ आत्ता?"

"मग एसी बी आत्ता नगं. आलास की बघू."

अर्थिंगचा खड्डा मात्र कुणी न मागता मामांनी पहिल्या ओळीत लिहायला लावला. मी नियमाची आठवण करून दिली नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तेच म्हणाले, "ते जमिनीनं मागितलंय." त्यांचा बजेटचा क्रम ठरलेला असतो: आधी जीव, मग काम, मग हौस. अर्थिंग आणि मेन बोर्ड म्हणजे जीव. ओटा, पंखे, मोटर म्हणजे काम. अण्णांचे सहा दिवे हौस. मी तीन रकाने आखले आणि प्रत्येक पॉइंटसमोर मागणाऱ्याचं नाव लिहिलं. वहीत आई होती, अण्णा होते, खोडलेला दादा होता, जमीनसुद्धा होती. मी नव्हते.

खरं म्हणजे मला एक खोली पाहिजे होती. जिना चढून गेलं की वर एक लहान खोली आहे, तिथं सोयाबीनची पोती आणि जुन्या सतरंज्या असतात. तिला पूर्वेची खिडकी आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी इंग्रजी पुस्तकांची मुद्रितं तपासते. आईसाठी म्हणून आले ते सहा आठवडे त्या पोत्यांमध्ये टेकून, लॅपटॉप खालून चार्ज करून आणून काम केलं, आणि पुण्यातल्या चार वर्षांत झालं नाही इतकं चांगलं काम झालं. कंपनीनं विचारलं होतं, ऑफिसला परत येणार की कायमचं घरून करणार, महिनाअखेर कळवा. मला उत्तर माहीत होतं. पण ते कळवायचं तर आधी घरात सांगायला हवं होतं, आणि घरात सगळे धरून चालले होते की मी चार दिवसांची आहे. अण्णांनी तर पहिल्याच दिवशी पुकारलं होतं, "वरची खोली या फेरीत नाही!" गुरुवारी भिंतींना झिऱ्या पाडायच्या होत्या. एकदा पाइप आत गेले, वरून गिलावा झाला, की पुढची वीस वर्षं ती भिंत पुन्हा कुणी फोडणार नव्हतं.

मामा जिन्याच्या पायथ्याशी आले तेव्हा त्यांनी वर बघितलं. "वर कुणाचं काय?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काय न्हाय तर काय न्हाय," ते म्हणाले आणि चहाला गेले. मामी तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या, दोरीचं टोक मुठीत धरून. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

बुधवारी बेरीज वाचायला बसलो. अण्णांनी वही घेतली आणि गाड्यांची वेळापत्रकं वाचावीत तशी वाचली. एक लाख दहाच्या आत बसलं, वर जेमतेम हजार-बाराशे उरले. अण्णांच्या चेहऱ्यावर सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्याचं समाधान होतं. मी बेरीज दोनदा तपासली होती. वायर मला थोडी जास्त वाटत होती, पण माझ्या मराठी आकड्यांवर माझाच भरवसा नव्हता, म्हणून मी बोलले नाही.

गुरुवारी सकाळी मामांनी सुतळी पुढच्या खोलीत पसरली, सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "अजून कुणाचं काय?"

आई म्हणाली, "नाही बाबा, झालं."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. अण्णा म्हणाले, "पाव्हणं, सुटू द्या की गाडी."

मामांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "जरा चा टाका." आतापर्यंत मी त्यांना तिसऱ्या प्रश्नाआधी कधी चहा मागताना ऐकलं नव्हतं. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकला, परत कपात ओतला. मामी म्हणाल्या, "आवं प्या की. का त्याला बी मोजताव?" मामांनी पुन्हा बशीत ओतला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. ते छताकडे बघत होते. त्यांची नजर होती तिकडं मी बघितलं, तर छतापलीकडे बरोबर वरची खोली होती.

मी उठले आणि जिना चढले. पोत्यांच्या मधून वाट काढत खिडकीशेजारच्या भिंतीपाशी गेले आणि तळहात टेकला. भिंत थंड होती. मग मी म्हटलं, "मामा, इथं."

अर्थातच ते खाली कुणाला ऐकू गेलं नाही. मला वाटलं, झालं, मी मागितलं, नियम पाळला. पण खालून मामांचा आवाज आला, घोषणेसारखा, अण्णांना शोभला असता असा: "अजून कुणाचं काय?" तिसरी वेळ.

तेव्हा मी ओरडले. या घरात इतकी वर्षं न मारलेल्या सगळ्या हाका त्या एका हाकेत गेल्या असाव्यात, कारण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मामा! इथं! वर! मला इथं लाईट पाहिजे!"

मग अण्णांचा आवाज, "कोण बोललं ते?" आणि मामींचा, "तुमची लेक. घरात हाय ती." मग जिन्यावर एकामागून एक सगळे. मी हात काढला नव्हता. हात काढला तर बोलणं बंद होईल अशी मला खात्री होती, म्हणून तसाच ठेवून मी सगळं एका दमात सांगून टाकलं: इथं टेबल, इथं दिवा, लॅपटॉपचा पॉइंट, पंखा, आणि लाईट गेली तर काम थांबू नये म्हणून इन्व्हर्टर. मी पुण्याला परत जाणार नाही. इथं माझं काम चांगलं होतं. मी पाहुणी नाही.

आई पोत्यावर बसली. "अगं, मग बोलायचं नाही का?" एवढंच म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. पण डोळे हसत होते.

अण्णा मात्र हिशेबाला लागले. "पाव्हणं, वरपर्यंत वायर म्हणजे किती वाढलं?"

"काय न्हाय वाढलं."

"असं कसं?"

मामांनी सुतळीचं टोक मामींच्या हातातून घेतलं, जिन्यातून वर आणलं आणि माझ्या तळहाताशी धरलं. बरोबर तिथवर पोचत होतं. उलट वीतभर उरत होतं. "सोमवारीच मोजलंय," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही आधीच धरलं होतं व्हय?"

"दोरी म्या धरली हुती, दाजी. गाठ न्हवती मारली. ती तिनं मागाय पायजे हुती." मग माझ्याकडे वळून, जणू काहीच झालं नाही असं, "हात काढ आता. गाठ मारू दे."

वायर बजेटात बसली, पण इन्व्हर्टर बसत नव्हता. अण्णा खिडकीशी गेले, खाली कंपाउंडच्या भिंतीकडे आणि पलीकडे हायवेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग घसा साफ केला आणि बसस्थानकाच्या त्या खास आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कंपाउंडवरील सहापैकी पाच दिवे काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात येत आहेत. तसदीबद्दल दिलगीर आहोत." एक दिवा मात्र त्यांनी ठेवला. बस जाते तेव्हा तेवढा तरी दिसला पाहिजे.

आता खोल्याखोल्यांत बटणं आहेत. अण्णांना सुरुवातीला खुर्चीत बसून फार एकटं वाटायचं, म्हणून आम्ही कधीकधी मुद्दाम ओरडतो, "अण्णा, लाईट!" आणि ते म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा," पण खूश होतात. मामांनी सांगून ठेवलंय की आपल्याकडची जमीन कोरडी, अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालायचं. आई तुळशीला घालते आणि उरलेलं तिथं घालते. दोन्हीला हात जोडते की काय, ते मी अजून नीट बघितलेलं नाही.

मामांनी मात्र आमच्या घरानंतर दुसरं घर घेतलं नाही. गुडघे शिडीला तयार नाहीत आणि एका डोळ्यापुढं धुकं आलंय. आता पोरं लाल ठिपक्याच्या यंत्रानं भिंत मोजतात, मोबाइलवर बेरीज येते, आणि ती बरोबर असते. मामा पुढच्या खोलीत त्या गुंड्यांखाली बसून असतात. पंखा लागला तर लागला. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ते टेस्टर डोळ्याजवळ धरून त्याचा दिवा लागतो का बघत होते, आणि खोलीत इतका कमी उजेड होता की मलाही सांगता आलं नाही.

मी आमच्याच खिळ्याशेजारची उरलेली सुतळी काढली. मामींना म्हटलं, "टोक धरता का?" मामींनी काही विचारलं नाही. पदर खोचला आणि टोक घेऊन मीटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या, ताठ. मी सुतळी भिंतीनं आणत आणत मामांच्या खुर्चीपाशी आले.

"मामा, हात लावा. काय पाहिजे सांगा."

ते खोकले. मी थांबले. "हिला ओट्यापाशी एक द्या," ते म्हणाले.

"माझं मला मागाय येतंय," मामी मीटरपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "तुमचं सांगा की."

मामांनी भिंतीवर तळहात टेकला. खांबांवर चढून चढून राकट झालेला तो हात भिंतीवर नुसता होता, कुठला जोड शोधत नव्हता. त्यांनी छताकडे बघितलं, मग भिंतीनं नजर खाली आणली आणि शेवटी माझ्यापर्यंत. ओठ हलले, पण शब्द आला नाही. सगळ्या तालुक्याला तीन-तीनदा विचारणाऱ्या माणसावर स्वतःसाठी दिवा मागायची वेळ कधी आलीच नव्हती. ते कसं असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी त्यांच्या तळहाताशेजारी सुतळी आणली, वीतभर जास्तीची ठेवली आणि म्हटलं, "सावकाश सांगा, मामा. दोरी धरली आहे."